वास्तूच्या आधीची वास्तू

ज्या माणसाच्या गावात इमारत उभी राहायची असते, त्याला तिचा नकाशा बहुधा वाचता येत नाही. शाळा असो, आरोग्य केंद्र असो, नदीवरचा बंधारा असो की खाणीचा विस्तार असो, विचार कागदावर होतो, मंजुरी कागदावर मिळते आणि गावाच्या डोळ्यांना ती गोष्ट पहिल्यांदा दिसते तेव्हा पुष्कळदा पायाचे चर खोदून झालेले असतात. तलविन्यास, छेद आणि दर्शनी चित्र ही रेषांची लिपी आहे. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यालासुद्धा ती सरावानेच येते. ही लिपी न शिकलेल्या माणसाला वास्तूपुढे आणून उभे करणारे एक जुने साधन आहे, ते म्हणजे ठरलेल्या प्रमाणात घडवलेली तिची लहान प्रतिकृती. वास्तुविशारदाच्या कार्यालयात आणि कारागिराच्या टेबलावर तिला सगळे ‘मॉडेल’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द घेतला आहे. मॉडेल बनवण्याची कला आणि तो व्यवसाय हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या बाजूने मांडला आहे. वास्तू देखणी दाखवणे किंवा विकणे ही मॉडेलची नंतरची कामे झाली. ज्याला ती वास्तू वापरायची आहे त्याला ती बांधण्याआधी तपासू देणे, हे त्याचे पहिले काम. या प्रस्तावनेतला सगळा विचार याच एका विधानाभोवती आहे.

मॉडेल आणि लहान आकाराची शोभेची वस्तू यांत फरक आहे तो प्रमाणाचा. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचे किल्ले करतात तेव्हा मावळा बुरुजाहून उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यातून आत जाऊ शकले नसते. त्या किल्ल्यांत जिव्हाळा आणि कल्पकता भरपूर असते, पण प्रमाण नसते. प्रमाण आले की प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूशी बांधली जाते. दोन मीटर उंचीचे दार एकास शंभर या प्रमाणात दोन सेंटिमीटरच राहते, आणि त्याच्या शेजारचा माणूस पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. कोणते प्रमाण घ्यायचे, हा मॉडेलकाराचा पहिला वैचारिक निर्णय असतो. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे उदाहरण घ्या. सुमारे ११ किलोमीटर लांबीची तटबंदी, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि ३९ बुरूज असा त्याचा पसारा आहे. एकास दोन हजार प्रमाणात ही तटबंदी साडेपाच मीटरची होते आणि वळणे घेत एका मोठ्या टेबलावर मावते. इरई आणि झरपट या नद्या, कोट आणि जुनी वस्ती यांचे नाते त्यात एका नजरेत कळते. पण पाच मीटर उंचीची भिंत तिथे अडीच मिलिमीटर उरते, आणि दरवाज्यावरचे हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह तर नाहीसेच होते. ते पाहायचे तर एकास पन्नास हवे, आणि मग शहर हातातून सुटते. दोन्ही मॉडेल खरी असतात; त्यांना विचारायचे प्रश्न मात्र वेगळे असतात. आपल्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कितीही सफाईने काम केले तरी त्याचे मॉडेल मुके राहते.

प्रमाणाची दुसरी शिस्त पदार्थविज्ञानाची आहे आणि नवशिक्याने ती लवकर समजून घ्यावी. वस्तूची लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट होते आणि वजन हजारपट. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यावरून मोठ्या रचना आपल्याच भाराने का मोडतात हे मांडले. म्हणूनच मॉडेल ताठ उभे राहिले एवढ्यावरून इमारत उभी राहील असे ठरत नाही. पुठ्ठ्याचे छत ज्या सहजतेने तरते त्या सहजतेने काँक्रीटचे तरत नाही. पण हा नियम ओळखून केलेले मॉडेल हिशेबाइतके विश्वासाचे ठरते. स्पेनमधल्या कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी वास्तुविशारद अंतोनी गाउदीने एकास दहा प्रमाणात दोऱ्या टांगून त्यांना छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. भाराने लोंबणाऱ्या दोरीचा आकार उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो, आणि तो आकार प्रमाणाबरोबर बदलत नाही. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनच्या परंपरेचे आहे. धरणांचे सांडवे, बंदरे आणि नद्यांची पात्रे तिथे लहान करून बांधतात आणि त्यांतून प्रत्यक्ष पाणी सोडून पाहतात. एकास शंभर मॉडेलमध्ये पाण्याचा वेग शंभरावा हिस्सा धरून चालत नाही. लांबीच्या प्रमाणाचे वर्गमूळ घ्यावे लागते, म्हणजे वेग दहावा हिस्सा येतो. मॉडेल हा हस्तव्यवसाय खरा, पण त्याच्या तळाशी असे गणित आहे, आणि ते टाळून हा व्यवसाय शिकवता येत नाही.

युरोपातला इतिहास पाहिला तर मॉडेलची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही लवकर ओळखले गेले होते असे दिसते. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटासाठी १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली आणि स्पर्धकांनी मॉडेल मांडली. खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता घुमट बांधता येईल, हे ब्रुनेलेस्कीने विटांच्या मॉडेलने पटवले. पुढे काम सुरू झाल्यावर गवंड्यांना दगडांचे सांधे समजावेत म्हणून तो मोठे सलगम कापून दाखवी, असे वसारीने त्याच्या चरित्रात लिहिले आहे. त्याच शतकात अल्बेर्तीने वास्तुकलेवरच्या ग्रंथात इशारा दिला की रंगवलेले, नटवलेले मॉडेल बनवणाऱ्याचे कसब मिरवते आणि पाहणाऱ्याचे लक्ष मूळ विचारावरून हटवते. मॉडेल साधे असावे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांची एकास सहाशे प्रमाणातली मॉडेल होऊ लागली, कारण राजधानीत बसलेल्याला सीमेवरचा भूभाग हाताखाली हवा होता. पण या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. सेंट पॉल कॅथेड्रलसाठी वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने १६७३-७४ मध्ये ओक लाकडाचे सहा मीटरहून लांब मॉडेल करवून घेतले. ते इतके मोठे होते की आत शिरून वास्तू पाहता यावी. राजाला आराखडा आवडला. धर्मगुरूंनी मॉडेल पाहून तो आपल्या उपासनेच्या रीतीला जुळत नाही म्हणून नाकारला. यानंतर मॉडेल करवायचे नाही आणि रेखाचित्रे लोकांपुढे मांडायची नाहीत असे रेनने ठरवले, असे त्याच्या चरित्रसाधनांत नमूद आहे. वास्तुविशारदाच्या दृष्टीने हे मॉडेलचे अपयश ठरते. वास्तू वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मॉडेलने आपले काम चोख केले: ज्यांना रेषा वाचता येत नव्हत्या, त्यांना नकार देता आला.

भारतीय परंपरेचा रस्ता थोडा निराळा आहे. भोपाळजवळ भोजपूर येथील अकराव्या शतकातल्या अपुऱ्या शिवमंदिराभोवती खडकावर कोरलेले आराखडे आजही दिसतात. तिथे विचार खडकावर उतरवून कारागिरांपुढे ठेवला गेला होता. मध्ययुगीन मंदिरांच्या बाह्यांगावर आणि शिखरांवर लहान लहान शिखरांच्या ओळी असतात. अंबरनाथचे १०६० सालचे मंदिर पाहताना लक्षात येते की वास्तू स्वतःचीच लहान रूपे अंगावर वागवते आहे. प्रमाण बदलले तरी आकाराचे नाते टिकवणे ही दृष्टी आपल्या शिल्पींकडे पूर्ण विकसित होती, ती अशी दगडात उतरली. आधुनिक काळात मॉडेल आपल्याकडे संग्रहालयातून आले. मुंबईत १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात पारशी समाजाच्या दख्म्याचे, म्हणजे अंत्यविधीच्या वास्तूचे, मॉडेल आहे. ज्या वास्तूत बाहेरच्या माणसाला कधीच पाऊल ठेवता येत नाही, तिची रचना सर्वांना समजावी आणि तरी तिचे पावित्र्य अबाधित राहावे, हे त्या मॉडेलने साधले. स्वातंत्र्यानंतर चंदीगडची उभारणी होत असताना ल कॉर्ब्युझिएच्या तिथल्या कार्यालयात ग्यानी रतनसिंग यांनी लाकडात मॉडेल घडवली. वास्तुकलेच्या इतिहासात मॉडेलकाराचे नाव टिकून राहणे दुर्मीळच; बहुतेक जण निनावी राहिले. हा विषय शिकणाऱ्याने ती उणीवही लक्षात ठेवावी.

आज या क्षेत्रात चार प्रवाह दिसतात. पहिला अभ्यास-मॉडेलचा: माउंट बोर्ड, फोमबोर्ड, कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन वास्तुविशारद भराभर कापतो, जोडतो, मोडतो, पुन्हा जोडतो. त्याचे मोल तासाभराचे असते आणि त्यातून सुचलेला बदल इमारतीच्या आयुष्यभर टिकतो. दुसरा सादरीकरणाचा, ज्यावर मुंबई-पुण्यातला व्यवसाय मुख्यतः चालतो. अमेरिकेत मॉडेलकार थिओडोर कॉनराड याने विसाव्या शतकाच्या मध्यात अ‍ॅक्रिलिकचा वापर रुळवला आणि काचेच्या उंच इमारतींना त्यांच्या जोडीची पारदर्शक मॉडेल मिळाली. आजच्या बांधकाम व्यावसायिकांच्या दालनातली उजळलेली मॉडेल त्याच वंशातली. तिसरा प्रवाह चाचणीचा, खडकवासल्यासारखा. चौथा नोंदीचा: जे आहे किंवा जे ढासळते आहे ते मापून ठेवण्याचा. साधनांत लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर आल्याने हाताचे काम संपले असे समजू नये. लेझरचा किरण कापताना मिलिमीटरचा लहानसा अंश जाळून टाकतो. तो हिशेबात न धरता खाचा काढल्या तर जोड सैल बसतो, आणि लाकडाच्या कडा काळ्या पडतात त्या घासाव्याच लागतात. थर्माकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून निर्बंध आले, त्यामुळे स्वस्त भरावाची सवय सोडणे भाग पडले. अ‍ॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, त्याची वाफ आणि एमडीएफची धूळ यांपासून कारागिराचे फुफ्फुस जपणे हा कौशल्याचाच भाग मानला पाहिजे. रेखाचित्रे उशिरा येतात, मुदत मात्र सरकत नाही, आणि कारागिराच्या रात्री त्यात जातात. व्यवसाय शिकवताना ही बाजू झाकून ठेवणे अन्यायाचे होईल.

मग हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात मांडण्याचे कारण काय? पहिले कारण साहित्याचे. मॉडेल ज्यातून घडते ते लाकूड, बांबू आणि कागद या जिल्ह्यांची ओळख आहेत. आलापल्लीचे सागवान देशभर नावाजलेले आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. त्याच मंदिराचे, चंद्रकांत सोमपुरा यांच्या आराखड्यावर बेतलेले मॉडेल अयोध्येत लोक बांधकामाच्या कितीतरी वर्षे आधीपासून पाहत होते; न बांधलेली वास्तू लोकांच्या मनात उभी करण्याची मॉडेलची शक्ती त्यातून कळते. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच कागदाबरोबर स्ट्रॉ बोर्ड होता, आणि स्ट्रॉ बोर्ड म्हणजे मॉडेलकाराचा हक्काचा पुठ्ठा. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बांबू चिरून एकसारख्या कामट्या काढत आले आहेत. मात्र इथे एक सावधगिरी हवी. सागवान मोठ्या कामाला उत्तम असले तरी लहान प्रमाणात त्याचे रेषे डोळ्यांत भरतात. एकास शंभरच्या भिंतीवर ते रेषे भेगांसारखे दिसतात. बारीक पोताचा हळदू किंवा हलका, न वाकणारा शिवण हे याच जंगलातले वृक्ष मॉडेलला अधिक मानवतात. दहा सेंटिमीटर जाडीचा बांबू एकास पन्नासला दोन मिलिमीटरची काडी होतो, आणि त्या जाडीला बांधणीचा खरा जोड करता येत नाही, तो सुचवावा लागतो. टोपली विणणारा हात आपोआप मॉडेलकाराचा हात होत नाही. पण धार, चीर आणि जाडी यांची जी जाण मॉडेलकाराला वर्षानुवर्षे कमवावी लागते, ती या हातांत आधीच आहे, आणि प्रशिक्षणाने पुढे जायला तेवढा पाया भक्कम आहे.

दुसरे कारण वारशाचे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४ च्या आसपास मध्य प्रांतांचा दौरा केला आणि भांदक व मार्कंडा येथील अवशेषांची सविस्तर नोंद केली. वैनगंगेच्या काठचा मार्कंड्याचा मंदिरसमूह त्याला विशेष भावला होता. मुख्य मंदिराचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचे काम गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हाती घेतले आणि ते दीर्घकाळ चालले. अशा कामात प्रत्येक दगडाला क्रमांक असतो, चित्र असते, यादी असते. त्याच्या जोडीला एकास वीस प्रमाणात सुटे दगड रचून केलेले मॉडेल असेल तर कोणता थर कोणावर बसतो हे गवंड्याला, अभियंत्याला आणि भाविकाला एकाच वेळी कळते. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून परकोटाची स्वच्छता हाती घेतली तेव्हा झाडाझुडपांत बुडालेली भिंत शहराला पुन्हा दिसली. दिसलेली भिंत समजून घेण्याची पुढची पायरी म्हणजे तिचे मॉडेल शहराच्या मध्यावर ठेवणे. गोंड राणी हिराईने बांधवून घेतलेली पती बिरशहाची समाधी, बल्लारपूरचा किल्ला, कुडाच्या भिंतींची आणि कवेलूंची घरे, माडिया आदिवासींच्या गावांतली गोटुल ही सामूहिक घरे यांची मापे घेऊन मॉडेल करायला हवीत. यांतल्या दगडी वास्तूंना निदान संरक्षण तरी मिळते. कुडाचे घर पावसाळ्यागणिक बदलते आणि सिमेंटचे घर आले की काही दिवसांत नाहीसे होते. त्याची बांधणी लिहून जितकी सांगता येत नाही तितकी मॉडेलमध्ये दाखवता येते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते निर्णयाचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ने गडचिरोलीजवळ शोधग्राम उभारताना आदिवासींना विचारले की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची धास्ती वाटते, आमच्या वस्तीसारखा असावा, असे उत्तर आले आणि माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला. लोकांना इमारतीविषयी ठाम मत असते. ते ऐकून घेण्याची सोय नसते, एवढाच या उदाहरणाचा धडा. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा, आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची जनसुनावणी सांगणारी अधिसूचनाही २००६ ची. या तिन्हींनी गावाला बोलण्याचा अधिकार दिला. पण ज्या गोष्टीवर बोलायचे ती गावापुढे येते ती नकाशा आणि अहवाल यांच्या रूपात. सारांश मराठीत असला तरी एटापल्ली-भामरागडच्या माडिया माणसासाठी मराठी हीसुद्धा नंतर शिकलेली भाषा आहे. फिलिपाईन्समध्ये १९९० च्या दशकापासून आणि केनियातल्या ओगिएक समाजाने २००६ मध्ये एक रीत वापरली: समपातळी रेषांबरहुकूम पुठ्ठ्याचे थर रचून डोंगर-दऱ्यांचे मॉडेल करायचे आणि गावकऱ्यांनी स्वतः टाचण्या, सुतळी, रंग यांनी त्यावर पाणवठे, देवराई, शिकारीच्या वाटा, जुनी गावे दाखवायची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. एवढे जंगल एकास पाच हजार प्रमाणात एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत बसते. वीस मीटरच्या प्रत्येक चढाला चार मिलिमीटरचा पुठ्ठा लागतो. म्हणजे शाळेच्या एका टेबलावर गावाचे सगळे जंगल मांडता येते आणि त्याभोवती म्हातारी माणसे, बाया, पोरे उभी राहून बोलू शकतात. खाणीचा खड्डा आणि मातीचे ढिगारे त्याच प्रमाणात शेजारी ठेवले तर चर्चेचा नूर बदलेल, यात मला शंका नाही.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की संगणकावर वास्तूतून फिरता येते, मग पुठ्ठा कशाला? संगणकाचे उपकार मोठे आहेत. मापे घेणे, छायाचित्रांवरून घन आकार उभा करणे ही कामे त्याने सोपी केली, आणि हे पुस्तक त्याचा पुरेपूर उपयोग करायला सांगते. पण पडद्यावर कुठून पाहायचे हे फिरवणारा ठरवतो. त्याने मागची भिंत दाखवली नाही तर ती नसल्यासारखीच. मॉडेलभोवती पन्नास माणसे आपापल्या बाजूने वाकून पाहतात, आणि कोणी काय पाहावे हे कोणाच्या हाती राहत नाही. चर्चा एकाच वेळी, एकाच वस्तूकडे बोट दाखवून होते. ग्रामसभेला हवी असते ती हीच गोष्ट.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मॉडेल फसवते. वरून पाहिलेली इमारत नेहमी सुबक दिसते, न लावलेली झाडे हिरवीगार असतात, शेजारची झोपडपट्टी टेबलावरून गायब असते. हे खरे आहे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका व इमारत यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिलेल्या ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण फसवणुकीवर उपाय मॉडेल टाळणे हा नव्हे. खोटे आकडे असतात म्हणून कोणी हिशेब सोडत नाही. मॉडेलवर प्रमाण ठळक लिहिलेले असावे. त्याच प्रमाणातला माणूस उभा असावा. जमिनीचा उतार आणि शेजारच्या वास्तू दाखवलेल्या असाव्यात. टेबल इतके उंच असावे की नजर रस्त्यावरच्या माणसाच्या पातळीला नेता यावी. आणि जे अजून ठरलेले नाही ते कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यात असावे. अल्बेर्तीचा साडेपाचशे वर्षांपूर्वीचा सल्ला या पाच नियमांत आजही लागू पडतो. ज्या मॉडेलमध्ये हे नियम पाळले आहेत ते फसवू पाहील तर पकडले जाईल, आणि नकाशाविषयी सामान्य माणसाला असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा: गरीब जिल्ह्यात ही चैन कोणाला परवडणार, आणि शिकलेल्या मुलांना काम कोण देणार? उंची मॉडेल महाग असते हे खरे. पण अभ्यास-मॉडेल पुठ्ठा, खळ आणि कटर यांवर होते, आणि सार्वजनिक इमारतीच्या खर्चात त्याचा वाटा नगण्य असतो. चुकीच्या दिशेला उघडणारी खिडकी, पाणी साचणारे अंगण, रुग्णाला चढता न येणारा जिना या चुका पुठ्ठ्यात दुरुस्त होतात, काँक्रीटमध्ये होत नाहीत. रोजगाराच्या प्रश्नाला मात्र सबुरीने उत्तर दिले पाहिजे. केवळ बांधकाम व्यावसायिकांच्या मागणीवर या जिल्ह्यांत हा धंदा उभा राहणार नाही. संग्रहालये, शाळांचे भूगोल-विज्ञान, वारसास्थळांची माहिती केंद्रे, वनविभाग, जलसंपदा, खाणी आणि नागपूरच्या वास्तुविशारदांची कार्यालये अशी मागणी जोडून घ्यावी लागेल, आणि सरकारी कामांच्या निविदेत मॉडेलची अट यावी लागेल. ती आल्यावाचून नुसते प्रशिक्षण देणे म्हणजे मुलांना अर्ध्या वाटेवर सोडणे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पुस्तकाची मांडणी याच धोरणाने केली आहे. प्रमाण, मापन आणि साहित्य यांची शिकवण त्यात आधी येते, कारण त्यांच्याशिवाय बाकीचे सारे सजावट ठरते. हात तयार करण्याचे धडे पुठ्ठ्यापासून सुरू होऊन बांबू, लाकूड आणि यंत्रांपर्यंत जातात. उदाहरणे जाणीवपूर्वक या दोन जिल्ह्यांतल्या वास्तूंची घेतली आहेत, म्हणजे शिकणाऱ्याला पुस्तक मिटून ती वास्तू मापायला जाता येईल. किंमत कशी काढावी, करार कसा करावा, धूळ आणि वाफ यांपासून कसे सांभाळावे, बनवणाऱ्याचे नाव मॉडेलवर का असावे, हे व्यवसायाचे प्रश्नही कलेइतक्याच गांभीर्याने घेतले आहेत. वास्तुविशारदांसाठी हे पुस्तक आहेच. पण ग्रामसेवक, शिक्षक, कनिष्ठ अभियंता आणि ग्रामसभेचा अध्यक्ष यांनी ते वाचावे अशी माझी अधिक इच्छा आहे. यंत्रांच्या जाहिरातीसारखी माहिती आणि परदेशी मॉडेलांची चमकदार चित्रे इथे थोडी आहेत, ती उणीव नसून निवड आहे.

लहान आकारात विचार करण्याची सवय समाजाला मोठ्या चुकांपासून वाचवते. ज्या जिल्ह्यांनी देशाला सागवान, कागद, कोळसा आणि वीज दिली, त्यांना आपल्या भूमीवर काय उभे राहणार आहे ते आधी पाहण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावण्याचे साधन त्यांच्याच जंगलातल्या लाकडात आणि त्यांच्याच माणसांच्या हातांत आहे. म्हणून वाचकाला एक विनंती. आपल्या गावात किंवा प्रभागात पुढची सार्वजनिक इमारत ठरेल तेव्हा तिचे मॉडेल मागा. त्यावर प्रमाण लिहिले आहे का ते पाहा, शेजार दाखवला आहे का ते पाहा, त्याच्याभोवती एक फेरी मारा, आणि मगच आपले मत द्या.